चार आठवड्यांचं राज्य

सोमवारी साडेसातला, दालन रिकामं असताना
मी जुनी पाटी काढते आणि नवी सरकवते.
'अध्यक्ष' ही वरची पाटी कायमची, पितळेची.
बदलतं ते खालचं देशाचं नाव.
सव्वीस वर्षं झाली जिनिव्हात.
ग्रासिएत, पाट्या आणि पाण्याचे पेले.
इतिवृत्तात माझा उल्लेख नाही,
ते एका परीनं बरंच.

अध्यक्षपद इथं कुणी जिंकत नाही.
इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं पाळी येते,
चार आठवड्यांची.
देश अवाढव्य असो
की नकाशावर माशी बसली तर झाकला जाणारा,
खुर्ची तीच, पाठीला टोचणारी,
हातोडा तोच, मुठीजवळ टवका उडालेला.
एका देशानं नाव बदललं
आणि तो रांगेत अकरा वर्षं पुढे आला.
त्यांचा प्रतिनिधी दिवसभर चॉकलेटं वाटत होता.

खाली बागेत सहलीला आलेली पोरं पकडापकडी खेळतात.
एकाच्या पाठीत थाप बसते, तुझ्यावर राज्य!
आणि बाकीचे सगळे त्याच्यापासून लांब पळतात.

राजदूत नूहूम सांगारे यांच्यावर राज्य आलं
तेव्हा तळ्यावरून बीझ वाहत होता,
कानाच्या पाळ्या कापणारा.
त्यांनी मला विचारलं, हातोडा किती जोरात मारायचा?
असं विचारणारे ते पहिलेच.
मी म्हटलं, पेल्यातलं पाणी हलणार नाही इतपत.

पहिला आठवडा विषयपत्रिकेत गेला.
दुसरा एका स्वल्पविरामात.
तो ठेवावा की काढावा
यावर शस्त्रं कमी करायला बसलेली माणसं
नऊ तास लढली.

तिसऱ्या मंगळवारी ते माझ्याआधी आले होते.
खुर्चीत नव्हते. मागच्या रांगेत, कोट न काढता.
पहाटे त्यांच्या राजधानीच्या रेडिओवर
बातम्यांऐवजी लष्करी बँड वाजत होता,
हे मला रखवालदारानं सांगितलं होतं.
मी विचारलं, पाटी राहू दे ना?
देश तोच आहे, ग्रासिएत, ते म्हणाले.
मग थोड्या वेळानं: बहुतेक.

दहाला बैठक. सव्वादहाला
त्यांच्याच देशाच्या जागेवरून हात वर झाला.
मोदिबो, धाकटा सचिव.
चौथ्या मजल्यावरच्या यंत्रात कॉफी स्वस्त मिळते
हे त्याला सांगारेंनीच दाखवलं होतं.
अध्यक्षांनी हात पाहिला.
न पाहणं शक्य होतं. नियमात बसत नव्हतं.
"मी बोलण्याची परवानगी देतो
माननीय प्रतिनिधींना,"
आणि मग स्वतःच्या देशाचं पूर्ण नाव,
एकही अक्षर न गाळता.

मोदिबोनं पत्र वाचलं.
आसनावर बसलेल्या व्यक्तीला
यापुढे आमच्या वतीनं बोलण्याचा अधिकार नाही.
काचेमागचे दुभाषे थोडे पुढेमागे होते,
रशियन नेहमीप्रमाणे शेवटी.
सहा भाषांत, दोन दोन सेकंदांच्या अंतरानं
त्यांना सहा वेळा काढलं गेलं.

"आभारी आहे. निवेदनाची नोंद घेतली.
आणखी कुणाला बोलायचं आहे?"

साठ-पासष्ट देश कागद चाळत राहिले.
ज्यांनी स्वल्पविरामासाठी नऊ तास दिले
त्यांच्यापैकी एकानंही
घसा खाकरला नाही.
हातोडा पडला.
मी पेल्याकडे पाहत होते. पाणी हललं नाही.

पुढच्या अक्षराचा राजदूत रजेवर होता.
तीन दिवस खुर्ची रिकामी,
मी रोज पुसली, सवयीनं.

त्या संध्याकाळी ते मला बसथांब्यावर दिसले.
गाडीच्या चालकाला नवे हुकूम आले होते.
तिकिटाच्या यंत्रासमोर मूठभर नाणी,
कुठलं बटण, ते कळेना.
मी दाबून दिलं.
बस भरलेली होती. एक शाळकरी मुलगी
दप्तर सावरत उठली, बसा म्हणाली.
त्यांनी मान हलवली,
वरची दांडी धरली
आणि स्टेशनपर्यंत उभेच राहिले.